कुरकुरीतपणाचं श्रेय तेलाला नको

ठाण्यात घोडबंदर रोडवरचं मानपाडा असो की डोंबिवलीचा मानपाडा रोड, गटारी जवळ आली की चिकनच्या दुकानासमोरच्या रांगेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘‘ओव्हनमधलं फ्राइड चिकन? छे, लिबलिबीत होतं. कुरकुरीत हवं तर कढईभर तेल पाहिजे.’’

गैरसमज : कुरकुरीतपणा तेलातून येतो.

वस्तुस्थिती : तो पाणी निघून गेल्यामुळे येतो. कढईत पीस सोडल्यावर उसळणारे बुडबुडे तेलाचे नसतात. वरच्या आवरणातल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते. पाणी गेलं की आवरण कडक होतं. पुढे तापमान १४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की प्रथिनं आणि शर्करा यांच्यातली मेलार्ड प्रक्रिया वेग घेते आणि तांबूस रंग, खमंग वास येतो. तेल उष्णता झटपट पोचवतं, गरम हवा तेच काम सावकाश करते. म्हणून लेग पीसला ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर ३५ ते ४५ मिनिटं द्यावी लागतात.

‘‘पण आम्ही करून पाहिलंय ना!’’ कशात? उत्तर बहुतेक वेळा ‘मायक्रोवेव्हमध्ये’ असंच येतं. अहो, साध्या मायक्रोवेव्हमध्ये मुख्यतः पदार्थातलं पाणी तापतं, भोवतालची हवा नाही. आतली वाफ बाहेर येते आणि आवरणच भिजवते. तिथे लिबलिबीत होणारच! त्यासाठी ओटीजी किंवा कन्व्हेक्शन मोड हवा. बरं, ओटीजी असला तरी पीस सपाट ट्रेमध्ये दाटीवाटीने मांडले, तर खालची बाजू स्वतःच्याच पाण्यात शिजते. जाळीवर, सुटे सुटे ठेवा. दह्याचा मसाला निथळू द्या. सुरमईला लावतो तो रवा इथेही चालतो, पण आधी दोन चमचे तेलात खरपूस भाजून घ्या. कच्चा, कोरडा रवा ओव्हनमध्ये फिकाच राहतो. म्हणजे तेल लागतं, पण चमच्याने.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘ओव्हनमधलं आहे, कितीही खा.’ एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, म्हणून तेल वाचलं की फायदा होतोच. पण चिकन आणि रव्याच्या कॅलरी कुठे जात नाहीत, आणि सोबतचं मेयोनीज म्हणजे बहुतांश तेलच.

‘तळणीचं तेल गाळलं की पुन्हा नवं.’ गाळल्याने फक्त जळके कण निघतात. वारंवार तापवून तयार झालेली ध्रुवीय संयुगं तेलातच राहतात. ती २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) १ जुलै २०१८पासून मनाई केली आहे.

‘चिकन नळाखाली खळाखळा धुतलं की जंतू जातात.’ जातात ते सिंकमध्ये आणि शेजारच्या कोशिंबिरीवर. अमेरिकेचा कृषी विभागही कच्चं चिकन धुऊ नका असंच सांगतो. जंतू मरतात ते उष्णतेने : पीसच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस.

‘हाडाजवळ गुलाबी म्हणजे कच्चंच.’ कोवळ्या कोंबडीत हाडातल्या मज्जेचा रंग शिजल्यावरही मांसात उतरतो. रंगावर भिस्त नको, थर्मामीटर खुपसून पाहा.

तेव्हा ओटीजीसोबत आलेली जाळी आधी माळ्यावरून खाली काढा, आणि मगच ओव्हनला नावं ठेवा.