घरातील डिजिटल संगीत : दोष केबलचा, घड्याळाचा की विजेचा?

बेंगळुरू : संगणकातून किंवा स्ट्रीमरमधून निघणारे संगीत शून्य आणि एक या अंकांच्या रूपात असते. मग ते वाहून नेणारी केबल बदलल्याने गाणे अधिक चांगले कसे ऐकू येईल, हा वाद संगीतप्रेमींमध्ये अनेक वर्षे सुरू आहे. यूएसबी केबल काहीशे रुपयांना मिळते, तशीच लाख रुपयांच्या पुढेही मिळते. विक्रेते ‘शुद्ध वीज’ आणि ‘अणुघड्याळाची अचूकता’ यांची ग्वाही देतात. अंक म्हणजे अंक, त्यात फरक पडूच शकत नाही, असे दुसरी बाजू सांगते.

ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. अंक बहुधा सुखरूपच पोहोचतात. बिघाड झालाच तर तो अंकांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर होताना होतो, आणि त्याचे मूळ बऱ्याचदा घरातील विजेच्या जोडणीत असते. हा बिघाड घालवण्यासाठी अनेक घरांत प्लगची अर्थिंगची पिन तोडली जाते किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावला जातो. हा उपाय जिवावर बेतू शकतो.

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी ठरवलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानकानुसार ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवली जाते. डाव्या व उजव्या वाहिनीचे मिळून सेकंदाला सुमारे १४ लाख अंक होतात. यूएसबी २.० जोडणीची क्षमता सेकंदाला ४८ कोटी अंकांची आहे. तिच्यासाठी हा भार अगदीच किरकोळ ठरतो.

केबल सदोष असेल आणि अंक चुकले, तर त्याचा परिणाम लपून राहत नाही. यूएसबीवरून ध्वनी पाठवताना चुकलेला भाग पुन्हा मागवण्याची सोय नसल्याने ‘टक्’ असा आवाज येतो किंवा गाणे क्षणभर तुटते. चुकलेल्या अंकांमुळे सतार किंचित मंद वाटली किंवा गायकाचा आवाज थोडा मागे गेला, असे होत नाही. इंटरनेटवरून येणाऱ्या संगीताची गोष्ट आणखी सोपी आहे. तेथे हरवलेली माहिती पुन्हा मागवली जाते आणि यंत्रात आगाऊ साठवून ठेवली जाते. गाणे सुरू असताना नेटवर्कची केबल काढून पाहावी. ते काही सेकंद तसेच वाजत राहते. त्या वेळी वाजणारा स्वर केबलमधून आधीच येऊन गेलेला असतो. केबलमधून तो कोणत्या क्षणी आला, याचा त्याच्या वाजण्याच्या क्षणाशी संबंध उरत नाही.

तरीही वेळेचा प्रश्न पूर्णपणे निकाली निघत नाही. अंकांचे विद्युतदाबात रूपांतर करणाऱ्या ‘डॅक’ या यंत्राला प्रत्येक नोंद नेमक्या अंतराने, म्हणजे दर २२.७ मायक्रोसेकंदांनी बाहेर सोडावी लागते. हा ठेका स्फटिकावर चालणारे घड्याळ धरते. तबलजीने मात्रा योग्य वाजवली, पण किंचित आधी किंवा नंतर वाजवली, तर ठेका जसा डळमळतो तसेच येथे घडते. अंक बरोबर असूनही वेळ चुकल्याने लहरीचा आकार बदलतो. या सूक्ष्म डळमळीला ‘जिटर’ म्हणतात.

पूर्ण तीव्रतेचा २०,००० हर्ट्झचा स्वर घेतला आणि वेळेमुळे होणारी चूक अर्ध्या पायरीच्या आत ठेवायची असे ठरवले, तर जिटर सुमारे १२१ पिकोसेकंदांच्या आत असावा लागतो. एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जातो. महागड्या घड्याळांच्या जाहिरातींमध्ये हाच आकडा दाखवला जातो. मात्र तो गणितातून आलेला आहे, कानाच्या क्षमतेतून नव्हे. डॉल्बी लॅबोरेटरीजमधील एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी १९९८ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात सादर केलेल्या प्रयोगांत श्रोत्यांना शुद्ध स्वरातील जिटर साधारण १० नॅनोसेकंदांपासून पुढे जाणवला. प्रत्यक्ष संगीतात ही मर्यादा त्याहून वर गेली. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगीतातील अनियमित जिटर ओळखू येण्यासाठी तो काहीशे नॅनोसेकंदांचा असावा लागला. सध्याच्या चांगल्या डॅकमध्ये तो एका नॅनोसेकंदाहूनही कमी असतो.

येथे जोडणीच्या प्रकाराला काही अर्थ आहे. सीडी प्लेअर किंवा टीव्हीच्या ‘एसपीडीआयएफ’ जोडणीत अंकांबरोबर ठेकाही केबलमधूनच येतो आणि डॅकला तो त्या लहरींमधून शोधून काढावा लागतो. त्यासाठी ७५ ओहमची केबल ठरवून दिलेली आहे. दुसऱ्या प्रकारची तार वापरली तर लहरी टोकावरून परावर्तित होतात आणि त्यांच्या कडा सरकतात. टीव्हीच्या अँटेनासाठी वापरली जाणारी साधी ७५ ओहमची तारही हे काम चोख करते. ‘असिंक्रोनस’ पद्धतीच्या यूएसबी डॅकमध्ये ठेका डॅकचे स्वतःचे घड्याळ धरते आणि संगणकाने किती वेगाने अंक पाठवावेत, हे डॅकच सांगतो. त्यामुळे केबलमधील वेळेची डळमळ बाजूला पडते. एचडीएमआयमध्ये ध्वनीचा ठेका चित्राच्या ठेक्यातून काढावा लागतो. म्हणून काही एव्ही रिसिव्हरमध्ये जिटर काही नॅनोसेकंदांपर्यंत जातो. तोही वर सांगितलेल्या मर्यादेच्या आतच असतो.

अणुघड्याळाच्या जाहिरातींचा विचार करताना बेंगळुरूच्याच परिसराकडे पाहता येईल. शहराबाहेर ब्यालालू येथे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे दिशादर्शन केंद्र आहे. ‘नाविक’ उपग्रहांच्या वेळेचा संदर्भ तेथे राखला जातो. उपग्रहाच्या घड्याळात एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तर अंतराच्या मोजमापात ३० सेंटिमीटरची चूक होते. या मालिकेतील पहिल्या उपग्रहावरील तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडल्याचे जानेवारी २०१७ मध्ये समोर आले, तेव्हा तो दिशादर्शनासाठी निरुपयोगी ठरला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर देशात तयार झालेले रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले.

दिशादर्शनाला दिवसच्या दिवस न ढळणारे घड्याळ लागते. संगीताला एका नोंदीपासून पुढच्या नोंदीपर्यंत स्थिर राहणारे घड्याळ लागते. दिवसाला चार सेकंद पुढे धावणाऱ्या साध्या स्फटिकामुळे स्वराची पट्टी इतकी कमी हलते की कोणत्याही गवयाला ती कळणार नाही. बाहेरून जोडायची रुबिडियम घड्याळे बहुधा १० मेगाहर्ट्झची असतात, तर डॅकला २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे ठेके लागतात. १० मेगाहर्ट्झपासून ते तयार करण्यासाठी आणखी एक मंडल लागते, आणखी एक केबल लागते. डॅकच्या आत, चिपपासून काही मिलिमीटरवर बसवलेला साधा स्फटिक या कामासाठी अधिक सोयीचा असतो.

मग अनेक घरांत नवे उपकरण जोडल्यावर ऐकू येणारी घरघर आणि बारीक किरकिर कोठून येते? तिचा उगम बहुधा डिजिटल भागात नसतो.

लॅपटॉप, राउटर आणि टीव्ही यांचे चार्जर किंवा अडॅप्टर वीज अतिवेगाने चालू-बंद करून तिचा दाब बदलतात. त्यातून निर्माण होणारा गोंगाट दाबण्यासाठी त्यांच्यात लहान कपॅसिटर असतात, आणि त्यांतून अत्यल्प प्रवाह बाहेर झिरपतो. धातूच्या आवरणाच्या लॅपटॉपवर चार्जिंग सुरू असताना हात फिरवला तर झिणझिण जाणवते, ती याच प्रवाहामुळे. यूएसबी केबल जोडली की हा प्रवाह तिच्या आवरणातून डॅकमध्ये, तेथून साध्या ऑडिओ केबलच्या आवरणातून अॅम्प्लिफायरमध्ये आणि शेवटी अर्थिंगमध्ये जातो. ऑडिओ केबलचे आवरण हाच ध्वनीचाही परतीचा मार्ग असल्याने हा गोंगाट गाण्यात मिसळतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि किरकिर थांबली, तर कारण सापडले असे समजावे. केबल बदलून फरक पडल्याचा अनुभव काहींना येतो, तो काही वेळा खराही असतो. नव्या केबलचे आवरण किंवा जोड अधिक चांगला असला, तर या प्रवाहाचा काही भाग वेगळ्या वाटेने जातो. त्यासाठी लाख रुपये लागत नाहीत.

घरघरीचे कारण याहून थोडे वेगळे असते. अॅम्प्लिफायर एका ठिकाणी अर्थ झालेला असतो, आणि सेट-टॉप बॉक्सला जोडलेली केबलचालकाची तार इमारतीत दुसऱ्याच ठिकाणी अर्थ झालेली असते. या दोन ठिकाणांच्या विद्युतदाबात थोडासा फरक असला, तरी दोन्ही यंत्रे जोडताच वर्तुळ पूर्ण होऊन त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. त्याच्या जोडीला १०० आणि १५० हर्ट्झचे सूरही येतात. इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ मध्ये याच शहरात जी. राज नारायण यांनी तयार केला. विजेची घरघर हाही एक अखंड तंबोराच, पण बेसूर. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, आणि घरघरीतील एकही सूर त्याच्याशी जुळत नाही. विलंबित आलापातील शांत जागांत म्हणूनच ती सर्वाधिक खुपते.

अर्थिंगची पिन काढली की वर्तुळ तुटते आणि घरघर थांबते. त्यामुळे उपाय लागू पडला असे वाटते. प्रत्यक्षात अॅम्प्लिफायरच्या आतील तार सुटून धातूच्या पेटीला लागली, तर वीज जमिनीत जाण्याचा मार्ग उरत नाही आणि पेटी २३० व्होल्टवर जिवंत राहते. सर्व यंत्रे केबलच्या आवरणांनी एकमेकांना जोडलेली असल्याने दोष एका यंत्रात असला, तरी धक्का दुसऱ्याच यंत्राला हात लावणाऱ्याला बसू शकतो. संगीतासाठी अंगणात वेगळा अर्थिंगचा खड्डा करून तो घराच्या मुख्य अर्थिंगला न जोडणे, हा प्रकारही तितकाच धोकादायक आहे. एकात एक असे दोन चौकोन छापलेली यंत्रे दुहेरी विद्युतरोधनाची असतात. ती दोन पिनांवर चालण्यासाठीच बनवलेली असतात. इतर यंत्रांची तिसरी पिन काढू नये.

बेंगळुरूत अर्थिंगचा प्रश्न अधिक टोकदार होण्याचे एक कारण जमिनीखाली आहे. शहर कठीण खडकावर वसले आहे. लालबागमध्ये उघडा दिसणारा खडक सुमारे तीन अब्ज वर्षे जुना मानला जातो. खडकाळ आणि कोरड्या जमिनीतून वीज सहज वाहत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत अर्थिंगचा रोध वाढतो, आणि खड्ड्यात पाणी घालणे राहून गेले तर आणखी वाढतो. अशा वेळी ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी मोलाचा ठरतो.

पिन न काढताही घरघर घालवता येते. टीव्हीचा ध्वनी प्रकाशतंतूच्या, म्हणजे ऑप्टिकल केबलने नेला की दोन यंत्रांमधील विजेची जोडणीच संपते. ही केबल काहीशे रुपयांत मिळते. केबलचालकाच्या तारेवर बसणारा आयसोलेटर किंवा ऑडिओ केबलच्या मध्ये लावायचा लहान ट्रान्सफॉर्मर हेही काम करतो. संचातील सर्व यंत्रे एकाच भिंतीवरील सॉकेटच्या, योग्य क्षमतेच्या पट्टीवर घेतल्यानेही बऱ्याच घरांत फरक पडतो. मात्र एका सॉकेटला थेट वीज आणि शेजारच्याला इन्व्हर्टरची वीज असेल, तर ते आधी तपासून घ्यावे. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर पंखा घुमतो, तसाच अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरही घुमतो. ती घरघर स्पीकरमधून नव्हे, तर थेट पेटीतून येते आणि कोणत्याही केबलने जात नाही.

जुन्या घरांत अडचण आणखी मूलभूत असू शकते. सॉकेटला तीन भोके दिसतात, पण तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही. ते परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे लागते. तार नसेल तर डॅक किंवा केबलच्या आधी ती ओढून घेण्याचा खर्च करावा लागेल.