सुटा व्हाइस आणि त्याबद्दलचे घट्ट गैरसमज

घरच्या घरी लाकूडकाम सुरू करणारा माणूस आधी करवत, रंधा आणि एक-दोन पटाश्या आणतो. पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात येतं की दोन्ही हात हत्यारात अडकले की लाकूड धरायला कुणी उरत नाही. मग टेबलाच्या कडेला अडकवायचा छोटा व्हाइस, म्हणजे शेगडा, घरी येतो. जागा कमी, काम झालं की काढून ठेवायची सोय, टेबलाला भोकं पाडायची गरज नाही, त्यामुळे ही खरेदी शहाणपणाचीच असते. पण रंध्याचे चार हात मारले की व्हाइस तिरका होतो, सरकतो, कधी लाकडासकट हातात येतो, आणि माल खराब निघाला असा निकाल लागतो. बहुतेक वेळा मालात काही खोट नसते. व्हाइस टेबलाला ज्या रीतीने जोडलेला असतो, तिथे चूक असते आणि तिच्यामागे काही पक्के बसलेले गैरसमज असतात.

त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे, ‘खालचा स्क्रू अजून पिळा, हलणार नाही.’ यात काय चुकतं ते ढोबळ हिशेबाने पाहू. व्हाइसच्या मुख्य स्क्रूचा दांडा मध्यापासून १० सेंटिमीटर लांब आहे आणि एका फेऱ्यात जबडा ४ मिलिमीटर पुढे येतो असं धरा. एका फेऱ्यात हात सुमारे ६३ सेंटिमीटर फिरतो, म्हणजे जोर कागदावर दीडशे पटींहून अधिक वाढतो. आट्यांमधल्या घर्षणात त्यातला तीन-चतुर्थांश वाया गेला तरी १० किलोच्या जोराचे जबड्यात जवळपास ४०० किलो होतात. लाकूड जबड्यातून सहसा सुटत नाही, ते यामुळे. पण टेबलाला धरणारा खालचा स्क्रू बारीक असतो, त्याची दांडी बोटभर असते आणि ती बोटांनीच पिळली जाते. तिथे १०० किलोचा दाब मिळाला तरी पुष्कळ झालं. लोखंड आणि लाकूड यांच्यातलं घर्षण त्या दाबाच्या साधारण एक-तृतीयांश, म्हणजे एका बाजूला ३० किलोच्या आसपास.

आता ६० सेंटिमीटर लांबीची पट्टी एका टोकाला जबड्यात धरा आणि दुसऱ्या टोकाला आडवा १० किलोचा जोर लावा. व्हाइसच्या बुडाशी ६०० किलो-सेंटिमीटरचा पीळ बसतो. त्याला अडवायला काय आहे? वर-खाली मिळून ६० किलोचं घर्षण, तेही मध्यापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर काम करणारं. गुणाकार दीडशेच्या घरात थांबतो. पीळ चौपट जास्त आहे, व्हाइस फिरणारच. खालचा स्क्रू जीव खाऊन आवळला तर दाब थोडा वाढेल, पण चौपट होणार नाही. त्याआधी स्क्रूची टोपी टेबलाच्या तळात रुतेल किंवा बिडाच्या कानाला तडा जाईल.

जोर वाढवून हे सुटत नाही, अंतर वाढवून सुटतं. व्हाइस थेट टेबलाला न लावता आधी एका जाड फळीला लावायचा आणि ती फळी टेबलाला जखडायची. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन तुकडे फेव्हिकॉलने एकमेकांवर चिकटवले की ३६ मिलिमीटर जाडीची, न वाकणारी फळी तयार होते. रुंदी ४० सेंटिमीटर आणि खोली २५ असली की पुरे. तिच्या दोन टोकांना दोन एफ-क्लॅम्प लावले की तेच ३०-३० किलोचं घर्षण मध्यापासून १७-१८ सेंटिमीटरवर काम करू लागतं आणि तो मघाचा गुणाकार हजाराच्या पुढे जातो. शिवाय एफ-क्लॅम्पचा दांडा मुठीत मावतो, त्यामुळे त्याचा दाबही जास्त मिळतो.

फळी करताना एक गोष्ट नेमकी विसरली जाते. कडेला अडकवायच्या व्हाइसचा खालचा स्क्रू फळीच्या पोटाशी येतो, त्याला तिथे मोकळी जागा हवी. म्हणून फळी टेबलाच्या कडेबाहेर सहा-सात सेंटिमीटर काढायची. तिच्या तळाला, टेबलाच्या कडेला टेकेल अशी, चार सेंटिमीटरची लाकडी पट्टी चिकटवून स्क्रूने पक्की करायची आणि स्क्रूपुरती मधोमध खाच सोडायची. आपण टेबलाच्या दिशेने रंधा ढकलतो तेव्हा सगळा जोर ही पट्टी घेते आणि क्लॅम्पवर भार उरत नाही. बूड सपाट असलेला, बोल्टने बसवायचा व्हाइस असेल तर बोल्टची डोकी फळीच्या तळात बुडवून घ्यायची, म्हणजे फळी टेबलावर डुगडुगणार नाही. काम संपलं की व्हाइस फळीसकट कपाटामागे उभा राहतो.

‘खाली रबर घातलं की सरकत नाही’ हे अर्धसत्य आहे. जाड, मऊ रबर दाबाखाली स्प्रिंगसारखं वागतं. व्हाइस सरकत नाही खरा, पण प्रत्येक धक्क्याला डुलतो आणि पटाशीचा घाव बोथट बसतो. पातळ चामडं उत्तम, त्याची खरखरीत बाजू टेबलाकडे ठेवावी. खालच्या स्क्रूच्या टोपीखाली लाकडाचा चपटा तुकडा ठेवला की दाब पसरतो आणि टेबलावर गोल खड्डे पडत नाहीत.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज असा की चार स्क्रू मारून टाकले की विषय संपला. प्लायवूडच्या किंवा पार्टिकल बोर्डाच्या कडेत मारलेला स्क्रू थरांच्या मधून जातो आणि रोजच्या हिसक्यांनी तिथला भुसा होऊन सैल पडतो. भरीव लाकडातही रेषांच्या टोकाकडून मारलेल्या स्क्रूची पकड आडव्या रेषेतल्या स्क्रूपेक्षा कमी असते. कायमचा बसवायचा असेल तर आरपार बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि नट. आणि जागा टेबलाच्या पायाजवळची. फळीच्या मध्यावर बसवलेला उत्तम व्हाइससुद्धा टेबलाबरोबर थरथरतो, पायाच्या वर असलेल्याचा धक्का सरळ जमिनीत जातो. उजव्या हाताने रंधा मारणाऱ्यासाठी पुढचा डावा पाय सोयीचा.

लोखंडी कामाचा व्हाइस लाकडालाही चालतो का? चालतो, पण तसाच नाही. त्याच्या जबड्यांवर फुलीदार खाचा असतात. कानस मारताना लोखंड घसरू नये म्हणून त्या असतात, सागवानावर मात्र त्यांचा जाळीदार ठसा कायमचा उमटतो. दोन्ही जबड्यांना १२ ते १८ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या लावाव्यात, आतून चामडं चिकटवावं आणि पट्ट्या लोखंडापेक्षा थोड्या उंच ठेवाव्यात, म्हणजे रंध्याचं पातं चुकून खाली गेलं तरी लाकडाला लागेल, बिडाला नाही. मागचा, न हलणारा जबडा टेबलाच्या किंवा फळीच्या कडेच्या किंचित बाहेर हवा. नाहीतर लांब फळी जबड्यात उभी धरता येत नाही, खालून ती कडेला अडते. कित्येक घरांत व्हाइस याच कारणाने निम्माच उपयोगी पडतो.

जबड्याच्या एकाच टोकाला लाकूड धरून ‘हा व्हाइस तिरका आवळतो’ म्हणणंही बरोबर नाही. असं धरलं तर कुठलाही व्हाइस तिरका होणार, कारण स्क्रू मध्यात आहे. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घातला की जबडे समांतर राहतात. निरनिराळ्या जाडीचे असे तुकडे दोऱ्यात ओवून व्हाइसलाच टांगून ठेवावेत.

दांड्यात पाइप घालून आवळणं मात्र सोडून द्यावं, इथे मी जराही सवलत देणार नाही. बहुतेक स्वस्त व्हाइस बिडाचे असतात. बीड दाब छान सोसतं, ताण आणि हिसका सोसत नाही. ते वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतं. हाताने आवळून लाकूड सुटत असेल तर जबड्याला चामडं नाही किंवा लाकूड फार थोडं आत धरलंय, एवढाच त्याचा अर्थ.

सुटा व्हाइस म्हणजे कामचलाऊ सोय, खरा सुतार टेबलातच बसवलेला वापरतो, असंही मानलं जातं. इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सनने १६७०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘मेकॅनिक एक्सरसाइझेस’ हे कारागिरीवरचं पुस्तक भागाभागाने छापायला घेतलं. त्यातल्या सुतारकामाच्या टेबलाच्या चित्रात दोन स्क्रूंचा लाकडी व्हाइस दिसतो. हा मॉक्सन १६७८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. त्याच्याच नावाने ओळखला जाणारा दोन स्क्रूंचा व्हाइस आज जगभरचे कारागीर सुटाच करतात आणि टेबलावर क्लॅम्पने जखडतात. काम टेबलापेक्षा काही इंच वर येतं, त्यामुळे बारीक सांधे कापताना कंबरेतून वाकावं लागत नाही. दोन स्क्रूंमधून रुंद फळी सरळ खाली जाते, तिरकी होत नाही. अशा कामात सुटा व्हाइस टेबलातल्यापेक्षा सरस ठरतो.

रॉन हिकमन या लोटस मोटारींच्या डिझाइनरने तर टेबल आणि व्हाइस वेगळे ठेवलेच नाहीत. कपाट करताना आधाराला घेतलेली खुर्चीच करवतीखाली कापली गेली, तेव्हा त्याला घडीचं टेबल सुचलं. त्याच्या वरच्या दोन फळ्याच जबड्याचं काम करतात. अनेक कंपन्यांनी नाकारल्यावर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक अँड डेकरने ते ‘वर्कमेट’ नावाने मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलं.

आणि आपल्याकडे? जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने लाकूड धरून काम करणारे सुतार महाराष्ट्राच्या गावोगावी होते, आजही आहेत. दारं, चौकटी, नांगर, बैलगाड्या अशाच बसून घडल्या. त्यामुळे व्हाइसशिवाय काम होत नाही हेही खरं नाही. रुंद फळीचा चेहरा रंधायला तर व्हाइस लागतच नाही. टेबलावर समोर एक पातळ अडणीची पट्टी ठोकली की फळी तिला टेकते आणि रंध्याचा जोरच तिला जागेवर ठेवतो. व्हाइस कडा रंधायला, सांधे कापायला आणि कानस मारायला हवा.

देखभालीचं थोडक्यात. आट्यांना जाड ग्रीस फासू नका, त्यात भुसा रुतून काळी पेस्ट होते. कोरडं मेण घासा किंवा तेलाचा हलका हात द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात फळी फुगते, हिवाळ्यानंतर आकसते, म्हणून बोल्ट वर्षातून दोनदा तपासून घ्या.

ज्यांना व्हाइस घ्यायचाच आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी घरच्या टेबलाची जाडी मोजावी आणि कडेखाली आडपट्टी आहे का ते हात घालून पाहावं. कडेला अडकवायच्या लहान व्हाइसचा खालचा जबडा एका मर्यादेपुरताच उघडतो आणि कडेखालची आडपट्टी त्याला बसूच देत नाही. तसं असेल तर व्हाइस कोणत्या कंपनीचा घ्यावा हा विचार नंतर करा, पैसे आधी एका चांगल्या फळीवर आणि दोन दणकट एफ-क्लॅम्पवर खर्च करा.