घाटापुरते इंजिन

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्थानकात थांबली, की तिच्या पाठीशी इंजिने जोडली जातात आणि बसल्या जागी प्रवाशास एक हलकासा धक्का जाणवतो. सदतिसास एक अशा चढणीचा बोरघाट चढवून देऊन ही ‘बँकर’ इंजिने लोणावळ्यास सुटतात, आणि गाडी त्यांची आठवणही न ठेवता मार्गस्थ होते. हा धक्का माझ्या अंगवळणी पडला होता; परंतु असेच काम संगणकाच्या पोटातही कोणी निमूटपणे करीत असते, हे मला कर्जतलगतच्या दहिवलीतील एका संगणक-दुरुस्तीच्या दुकानात, ऐन श्रावणात उमगले.

उमगले ते एका आकड्यामुळे. मी माझ्या लॅपटॉपच्या निमित्ताने गेलो होतो. दुकानातील तरुण शेजारच्या एका जुनाट संगणकाकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, याचं सगळं घोडं ४४६ बाइटांत अडलंय.” चारशे शेहेचाळीस! देवनागरीच्या एकेका चिन्हास आज तीन-तीन बाइट लागतात. म्हणजे दीडशे चिन्हांचे साधे खुशालीपत्रदेखील त्या जागेत मावावयाचे नाही. लॅपटॉप दुरुस्त होऊन घरी आला, तरी त्या आकड्यासाठी दुसऱ्या दिवशी माझी पावले पुन्हा तिकडे वळली.

ओल धरलेल्या भिंती, आणि डाग देण्याच्या राळेचा तो कडवट, धुपासारखा दर्प. त्यात तो तरुण काळ्या पडद्यापुढे बसला होता. संगणक खालापूर तालुक्यातील एका शाळेचा, स्मृती अवघी ५१२ मेगाबाइट. जागा मोकळी करण्याच्या सद्हेतूने कोणीतरी डिस्कवरील एक विभाग पुसून टाकला होता. त्यामुळे पुढील विभागाचा क्रमांक सहाचा पाच झाला, आणि जुन्या पत्त्यावर गेलेल्या ‘ग्रब’ नामक बूटलोडरने, म्हणजे प्रणाली सुरू करून देऊन बाजूला होणाऱ्या त्या घाटापुरत्या इंजिनाने, ‘असा विभाग नाही’ एवढे इंग्रजीत कळवून हात टेकले. डिस्कच्या पहिल्या सेक्टरच्या ५१२ बाइटांपैकी ६४ विभागांच्या नोंदवहीस आणि २ ओळखखुणेस खर्ची पडतात; उरलेल्या त्या ४४६ बाइटांत पुढच्या कारकुनास हाक मारण्यापुरतीच अक्कल मावते. तरुणाने ‘एलएस’ लिहून विभागांची झडती घेतली, नवा पत्ता दिला, आणखी दोन आज्ञा दिल्या, आणि यंत्र जागे झाले.

“ही तात्पुरती तजवीज झाली,” तो म्हणाला. खरा प्रश्न पुढेच होता. जुनी प्रणाली काढून अँटिएक्स ही हलकी लिनक्स प्रणाली बसवावयाची, तर नव्या ग्रबचा गाभा ठेवावयास जागा पुरेना. जुन्या रिवाजाप्रमाणे आखलेल्या त्या डिस्कचा पहिला विभाग त्रेसष्टाव्या सेक्टरपासून सुरू होत होता; हल्ली तो २०४८पासून सुरू करतात. मधली पट्टी ६२ सेक्टरांची, म्हणजे सुमारे ३१ किलोबाइटांची. विभाग सरकवावा, तर त्यात शाळेचे दप्तर, मुलांचे दाखले. त्यास हात लावण्याची त्याची तयारी नव्हती. या आडमुठेपणाबद्दल माझ्या मनात आदरच उत्पन्न झाला.

मग त्याने एक्स्टलिनक्स हा छोटा बूटलोडर निवडला. यास मधल्या पट्टीची गरज नाही. तो विभागातच राहतो, आणि एकच प्रणाली चालवावयाची असता ग्रबचा सारा लवाजमा हवा कशास? मात्र नव्या एक्स्ट-४ या फाइल-पद्धतीची चौसष्ट बिटांची मांडणी त्यास वाचता येत नाही. पहिला प्रयत्न तेथेच फसला, आणि त्यात एक दुपार गेली. अखेर मोकळ्या जागेत जुन्या एक्स्ट-२ पद्धतीचा छोटा विभाग आखून, प्रणालीचा गाभा तेथे ठेवून, त्यास ‘सक्रिय’ अशी खूण केल्यावर यंत्र विनातक्रार उठले.

मी त्या लहानग्या एक्स्टलिनक्सची स्तुती करू लागलो, तेव्हा तरुणाने मला थांबविले. “गुणी आहे, पण घराण्याला वारस नाही. ते घराणं सिसलिनक्सचं; त्याची शेवटची स्थिर आवृत्ती २०१४ची. लिलो या दुसऱ्या जुन्या बूटलोडरचं कामही २०१५लाच थांबलं. नव्या मशीनवर मी ग्रबच टाकतो.” त्याचे म्हणणे यथार्थ होते, तरी मन माझे त्या लहानग्याकडेच ओढ घेत राहिले. ज्याला जन्मभर ४४६ बाइटांच्या उंबरठ्याशीच चाकरी करावयाची, त्याच्या ठायी मोजकेपणा हाच मोठा गुण, असे मला वाटते.

सायंकाळी शाळेचा शिपाई आला. तरुणाने एका कागदावर विभागांचा नकाशा काढून तो पेटीच्या झाकणास आतून चिकटविला. “पुढं कुणी उघडलं, तर त्याला आंधळ्यासारखं चाचपायला नको,” एवढेच म्हणाला. पावतीवर दुरुस्तीचा तपशील लिहावयाचा रकाना होता. बूटलोडर, सेक्टर, एक्स्ट-२ यांपैकी काहीही न लिहिता त्याने तीनच शब्द लिहिले : चालू करून दिला.