डोंगरांना न जुमानणाऱ्या लहरी

1973 साली पुण्यात दूरदर्शन आले, तेव्हा त्याचा मनोरा सिंहगडावर उभारावा लागला. दूरदर्शनच्या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात; वाटेत डोंगर आला की पलीकडे त्यांची छाया पडते. मुळशी तालुक्यात ताम्हिणीकडच्या खोऱ्यांत अशा छायेच्या जागा पुष्कळ. पण त्याच खोऱ्यात रात्री साध्या ट्रान्झिस्टरवर लंडन आणि मॉस्को ऐकू येत असे. हे कसे?

मुळशीच्या जलाशयात चपटा दगड सरळ खाली टाका, तो बुडतो. तोच तिरका भिरकावला तर टप्पे घेत जातो. 3 ते 30 मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लघुलहरी आकाशात असेच करतात. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वरच्या विरळ हवेतील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युत्‌भारित थर बनतात. हे आयनांबर. ॲपल्टन यांनी 1924 साली प्रयोगाने त्याचा पुरावा दिला. पुढे 1947 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तिरप्या आलेल्या लहरी सुमारे 300 किलोमीटर उंचीवरून वळून खाली येतात. एका टप्प्यात फार तर 4000 किलोमीटर. म्हणजे लंडनहून इथवर निदान दोन टप्पे. लहर डोंगरावरून, आकाशातून उतरते. मग डोंगर तिला काय अडवणार?

याची एक गंमत पाहा. समजा, मुंबईहून पूर्व आफ्रिकेसाठी लघुलहरींवर कार्यक्रम चालू आहे. मुळशीपर्यंत परत वळण्यासाठी लहरीला जवळजवळ उभे वर जावे लागेल, आणि उच्च कंप्रतेची उभी लहर थर भेदून निघून जाते. म्हणजे तो कार्यक्रम नैरोबीत ऐकू येईल, मुळशीत नाही!

दूरच्या देशाशी बोलायचे, तर याहून सोयीचे साधन कोणते? आपल्या पुणे जिल्ह्याला ते जुनेच आहे: 1927 साली खडकीचा प्रक्षेपक आणि दौंडचे ग्रहणकेंद्र यांच्याद्वारे ब्रिटनशी लघुलहरींवर बिनतारी तारसेवा सुरू झाली. मॉस्कोने 1929 मध्ये परदेशांसाठी प्रक्षेपण आरंभले, बी.बी.सी.ने 1932 मध्ये. बी.बी.सी.ची ही सेवा आधी इंग्रजीतच होती, साम्राज्यातल्या आपल्या माणसांसाठी. युद्धाने भाषा वाढवल्या. दिल्लीहून 1 ऑक्टोबर 1939 रोजी पश्तू प्रक्षेपण सुरू झाले, जर्मन प्रचाराला उत्तर म्हणून. 1942 साली बर्लिनहून सुभाषबाबूंचे आझाद हिंद रेडिओ बोलू लागले आणि त्याच वर्षी लंडनहून बी.बी.सी. मराठीत बोलू लागली. एकाच घरातल्या एकाच रेडिओवर दोन शत्रू सरकारे! सुई कुठे थांबवायची, हे मात्र ऐकणाऱ्याच्या हाती.

याचा खर्च कोण करी? स्वदेशी श्रोत्याकडून परवाना शुल्क घेता येते; परदेशातल्या श्रोत्याकडून कसे घेणार? म्हणून सरकारी तिजोरी. बी.बी.सी.च्या या सेवेला 2014 पर्यंत ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचे अनुदान होते. सरकारचा पैसा म्हणजे सरकारचाच आवाज, असे दर वेळी नसते. पण बातमी ऐकताना पैसे कोणाचे, हे विचारलेले बरे. ज्यांना परका आवाज नको, ती सरकारे त्याच कंप्रतेवर मुद्दाम गोंगाट सोडत. सोव्हिएत संघाने तसे वर्षानुवर्षे केले. दर टप्प्यागणिक लहर क्षीण होते, म्हणून बी.बी.सी.ने 1969 मध्ये ओमानच्या मसिरा बेटावर पुनःप्रक्षेपण केंद्र उभारले. तेथून मुळशी एका टप्प्यात येते.

बी.बी.सी.च्या हिंदी सेवेने 31 जानेवारी 2020 रोजी लघुलहरी सोडल्या. मराठी सेवा 2017 मध्ये पुन्हा सुरू झाली, ती इंटरनेटवर. मात्र मार्च 2022 मध्ये युक्रेनमधील मनोऱ्यांवर हल्ले होऊ लागताच बी.बी.सी.ने तेथील श्रोत्यांसाठी लघुलहरींवर रोज चार तास बातम्या देणे सुरू केले: दुपारनंतर 15.735 मेगाहर्ट्झवर, रात्री 5.875 वर. दोन कंप्रता का? सूर्य मावळल्यावर इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना मिळू लागतात, थर विरळ होतो, आणि दुपारी वळणारी लहर रात्री त्यातून निसटून जाते.