खेळाच्या शिक्षकानें शाळा सोडावी काय?

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांत रोहणा नांवाचें गांव आहे. भोंवतालीं सारा कापसाचा मुलूख. अशा गांवच्या माध्यमिक शाळेंत कबड्डीचा संघ तयार करणारा एक शिक्षक श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. सकाळीं शारीरिक शिक्षणाचे तास, दुपारीं रजेवरील शिक्षकांच्या वर्गांवर बदली, आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत मैदान, असा त्याचा दिवस जातो. चार-पांच वर्षांनीं त्याचा संघ तालुक्याबाहेर जिंकूं लागतो, आणि नेमकें त्याच सुमारास त्यास नागपूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या संस्थेकडून बोलावणें येतें. पगार अधिक, मातीऐवजीं चटईचें मैदान, शिवाय स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाचीहि सोय. जावें कीं राहावें?

शहरांतील कुटुंबांस हा प्रश्न लहानसा वाटण्याचा संभव आहे, कारण शहरांत शिक्षक गेला तरी खेळ थांबत नाहीं. मुंबईचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण घ्यावें. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेंत शिकत असतां रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्यानें दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरांत गेला, आणि पुढें शिवाजी पार्क जवळ पडावें म्हणून काका-काकूंच्या घरीं राहिला. १९८८ च्या फेब्रुवारींत त्यानें व विनोद कांबळीनें हॅरिस शील्डच्या सामन्यांत ६६४ धावांची अखंड भागी केली, ती याच शाळेकडून. येथें विद्यार्थी शिक्षकामागें गेला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. आचरेकरांची पोटापाण्याची नोकरी स्टेट बँकेंत होती. शाळेनें काय दिलें आणि काय दिलें नाहीं, यावर त्यांची चूल अवलंबून नव्हती.

रोहण्याच्या मुलास असा काका दादरला नसतो. शिक्षक गेला कीं मैदानावर आधीं गवत येतें, मग गुरें येतात. वास्तविक या मुलखास कबड्डीचें अगत्य जुनें आहे. १९१४ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिकच्या प्रसंगीं गेलें, आणि तेथें त्यानें कबड्डीसह देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. परंतु अगत्य असणें वेगळें आणि रोज संध्याकाळीं शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस असणें वेगळें.

म्हणून राहण्याचा उपदेश गांवाकडून फार लवकर होतो. "सर, तुम्ही गेलांत तर पोरांचें कसें होणार?" असें जे विचारतात, त्यांत पुष्कळदां ज्यांचा स्वतःचा पगार पहिल्या तारखेस होतो असेच गृहस्थ असतात. त्यागाचा सारा भार एका संसारावर टाकणें न्यायाचें नव्हे. ज्यास मानधनावर ठेवलें आहे आणि तें मानधनहि महिनोन्महिने थकलें आहे, त्यानें जाण्यांत कोणताहि दोष नाहीं. त्याचा निर्णय करण्यास फार विचार लागूं नये.

कठीण प्रसंग कायम शिक्षकाचा. त्यानें प्रथम दोन धंद्यांतील भेद पाहावा. शाळेंतील शारीरिक शिक्षणाचा शिक्षक हा बी.पी.एड. झालेला शिक्षक असतो. संघाचें यश हें त्याच्या कामाचें एक अंग. खासगी संस्थेंतील प्रशिक्षकाचें सारें मोल संघाच्या यशावर ठरतें, तेथें पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेस अधिक मान असतो, आणि करार बहुधा वर्षावर्षाचा असतो. अधिक पगाराच्या आंकड्यांतून शहरांतील घरभाडें वजा करून, उरलेल्या रकमेकडे करार न वाढल्यास काय, या प्रश्नासह पाहिलें म्हणजे पुष्कळ आकर्षण आपोआप उतरतें.

दुसऱ्या अनुदानित शाळेंत जावयाचें असेल तरीहि हिशेब सोपा नाहीं. सेवाज्येष्ठता त्या त्या व्यवस्थापनापुरती असते. नव्या संस्थेंत माणूस यादीच्या तळाशीं जातो, आणि शिक्षक अतिरिक्त ठरूं लागले म्हणजे तळ कोणता हें फार महत्त्वाचें ठरतें. १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं नेमलेल्या शिक्षकानें निवृत्तिवेतनाची सलग सेवा तुटत नाहीं ना, हें लेखी विचारून घ्यावें. नवी नेमणूक कागदावर हातीं येईपर्यंत, आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेचें काय होणार हें समजेपर्यंत, राजीनामा लिहूं नये. तोंडी आश्वासनावर नोकरी सोडून घरीं बसलेले लोक प्रत्येक तालुक्यांत सांपडतात.

राजीनाम्याची रीत १९७७ च्या महाराष्ट्रांतील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांविषयींच्या कायद्यांत सांगितली आहे. पत्राच्या दोन प्रती कराव्या, दोहोंवर सही व तारीख घालावी, एक नोंदणीकृत टपालानें व्यवस्थापनाकडे धाडावी व दुसरी आपल्याजवळ ठेवावी. रागाच्या भरांत कोऱ्या कागदावर सही करून देण्याचे प्रकार घडूं नयेत म्हणूनच ही योजना दिसते. कायम कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, तात्पुरत्यास एक महिन्याची.

या तीन महिन्यांतच मुलांचें हित-अहित सांठलेलें आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यांत तालुक्यापासून सुरू होतात, आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. पुढें दहावीच्या खेळाडूंस सवलतीचे गुण मिळावे म्हणून प्रमाणपत्रें जोडून प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत परीक्षा मंडळाकडे पाठवावे लागतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव आहेत, आणि त्यांचाहि आधार हींच प्रमाणपत्रें. शेतमजुराच्या मुलीनें तीन वर्षें चढाया करून मिळविलेला कागद मधल्याच महिन्यांत निघून गेलेल्या शिक्षकाच्या कपाटांत राहिला, तर तिच्या बापास तो कोठें मागावा हेंहि ठाऊक नसतें. ऑक्टोबरांत जाणें म्हणून वाईट. विदर्भांत उन्हामुळें शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हां फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस सूचना दिली तर एप्रिलअखेर मुदत पुरी होते, स्पर्धा संपलेल्या असतात, आणि नवा माणूस शोधण्यास शाळेस उन्हाळा मिळतो. चांगली संस्था तेवढी वाट पाहते. जी पाहत नाहीं, ती पुढें त्याच्याशींहि तसेंच वागेल असें समजण्यास हरकत नाहीं.

एक चौकशी मात्र या सर्वांच्या आधीं व्हावी. पुष्कळ शिक्षक पगारासाठीं जातों असें म्हणतात, आणि खोदून विचारल्यास वेगळेंच निघतें: प्रवासखर्च स्वतःच्या खिशांतून जातो, सरावाच्या वेळीं निवडणुकीचीं नाहीं तर गणनेचीं कामें येतात, हरल्यास बोल आणि जिंकल्यास हार मुख्याध्यापकांच्या गळ्यांत. यांतील निम्मीं दुखणीं एका स्पष्ट पत्रानें बरीं होण्यासारखीं असतात. तें पत्र राजीनाम्यापूर्वीं लिहावें, राजीनाम्यांत नव्हे.

आणि जावयाचेंच ठरलें, तर एक वही मागें ठेवावी: प्रत्येक मुलाची जन्मतारीख, वजन, उंची, कोणत्या वर्षीं कोणत्या वयोगटांत कोणता सामना, प्रमाणपत्र कोठें आहे, कोणाचा गुडघा दुखावलेला आहे. फक्कीच्या पोत्याची खोली कोणत्या किल्लीनें उघडते, तेंहि त्यांत लिहावें.