प्लॅन शंभरचा, फाइल मात्र रखडलेली

घरातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर वाय-फायने फाइल पाठवली, की ती आधी राउटरकडे जाते आणि तिथून दुसऱ्या संगणकाकडे. या प्रवासात इंटरनेटचा काहीच संबंध येत नाही. केबलवाल्याने आणून जोडलेली वायर उपसून ठेवली तरी फाइल जातच राहते. तरीही ‘फाइल हळू जाते, मोठा प्लॅन घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि महिन्याचे बिल वाढूनही वेग होता तिथेच राहतो. प्लॅनचा फरक पडतो तो फाइल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन सेवेवर चढवून दुसरीकडे उतरवली तर. पण शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपसाठी एवढा वळसा घेण्याची गरजच नसते.

दुसरा घोळ एककांचा. प्लॅन आणि राउटर यांचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर विंडोजमधील कॉपीची चौकट तो मेगाबाइटमध्ये दाखवते. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. चौकटीत ११ दिसले म्हणजे वेग नवव्या हिश्श्यावर आला, असे नव्हे. १०० मेगाबिटच्या जोडणीवर तो जवळजवळ पूर्णच मिळालेला असतो.

राउटरच्या खोक्यावरचा ‘३००’ हा आकडाही असाच फसवा. रेडिओने जोडणी करताना ठरणारा तो कमाल दर आहे, आणि तोही दुप्पट रुंद, म्हणजे ४० मेगाहर्ट्झची चॅनेल वापरली तरच. गर्दीच्या वस्तीत रुंदी २० मेगाहर्ट्झवर येते आणि दर १४४ मेगाबिटवर. पोचपावत्या, थांबणे आणि पुन्हा पाठवणे यांत त्यातला निम्म्याच्या आसपास खर्च होतो. उरलेल्याचेही पुन्हा दोन भाग पडतात, कारण दोन्ही संगणक वाय-फायवर असले की तीच माहिती त्याच चॅनेलवरून दोनदा जाते: एकदा राउटरकडे, एकदा राउटरकडून. एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते. हिशेब अखेर सेकंदाला चार-पाच मेगाबाइटवर येऊन ठेपतो. लग्नाच्या शूटिंगची २० गीगाबाइटची फाइल या वेगाने जायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि यात बिघडलेले काहीच नसते. दोहोंपैकी एक संगणक राउटरला केबलने जोडला, की हवेतली एक फेरी वाचते आणि वेग दुपटीच्या जवळ जातो. मधे रिपीटर बसवला तर उलटे होते: एकाच बँडवर चालणारा रिपीटर आणखी एक फेरी वाढवतो.

‘घर एवढेसे, रेंजच्या कांड्या पूर्ण, मग अडचण कसली?’ हा प्रश्न मुंबईच्या गोवंडीसारख्या दाट वस्तीत वाजवी वाटतो. शिवाजीनगर-बैंगनवाडीत दहा बाय पंधरा फुटांच्या जागांवर घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. अशा ठिकाणी लॅपटॉपवर नेटवर्कची यादी उघडली की ती खाली सरकवत राहावी लागते. पूर्ण कांड्या एवढेच सांगतात की आपला राउटर मोठ्याने ऐकू येतो. आणखी किती जण त्याच चॅनेलवर बोलत आहेत, हे त्या सांगत नाहीत. आणि वेग ठरतो तो त्यावरच.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल आहेत, पण एकमेकींत न मिसळणाऱ्या तीनच धरतात: १, ६ आणि ११. इथे हौशी मंडळी हमखास चुकतात. या तिन्ही भरलेल्या दिसल्या की ३ किंवा ४ ही ‘रिकामी’ चॅनेल निवडतात. एकाच चॅनेलवरचे राउटर परस्परांचे ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट मिसळणाऱ्या चॅनेलवरचे मात्र एकमेकांना समजत नाहीत, त्यांना फक्त गोंगाट पोचतो. म्हणून गर्दीच्या ६ वर राहणे मधल्या ४ वर जाण्यापेक्षा बहुधा बरे. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, तो वेगळाच ताप.

‘५ गिगाहर्ट्झची रेंज कमी, म्हणून तो बँड कुचकामी’ हे मत प्रशस्त बंगल्यात थोडेफार खरे असेल. गोवंडीच्या घरात ते साफ उलटे पडते. पंधरा फुटांत रेंज लागते किती? शेजाऱ्यांचे सिग्नल भिंतीतच विरतात, ही तर या बँडची मोठी सोय. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातली ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवानामुक्त केली, म्हणजे २.४ च्या साधारण ८३ मेगाहर्ट्झच्या सात पटींहून जास्त. दोन्ही बँडना एकच नाव दिलेले असेल तर लॅपटॉप जुन्याच बँडला चिकटून बसू शकतो. नावे वेगळी ठेवली की कोणता वापरायचा ते आपल्या हाती राहते. अडथळा मात्र पत्र्याचा. पोटमाळ्याच्या खाली पत्रा असेल, किंवा राउटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला असेल, तर कोणताही बँड नीट पोचत नाही.

पासवर्ड काढला की वेग वाढतो, असेही काही जण मानतात. वाढत नाही, डब्ल्यूपीए-२ मधले एईएस कूटलेखन वाय-फायची चिपच करते. जुनी डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी पद्धत निवडलेली असेल तर मात्र दर ५४ मेगाबिटवर अडकतो, कारण २००९ च्या ‘एन’ मानकाचे वेग त्या पद्धतींवर चालत नाहीत.

आणि कित्येकदा हवेचा दोष नसतोच. एक मोठा व्हिडिओ सुरळीत जातो आणि तेवढ्याच आकाराचे पाच हजार फोटो रांगत जातात, कारण प्रत्येक फाइल उघडणे, नोंदणे, बंद करणे आणि अँटिव्हायरसने तपासणे हे सगळे पाच हजार वेळा होते. सगळे फोटो एका झिप फाइलमध्ये, न आवळता, बांधून पाठवले की फरक लगेच दिसतो. फाइल स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर उतरत असेल तर त्याचा लिहिण्याचा वेग हीच सगळ्याची मर्यादा. सुरुवातीला आलेख उंच आणि मग धाडकन खाली, हे त्याचे नेहमीचे लक्षण: आधी मेमरी भरते, मग डिस्कची कुवत उघडी पडते.

दोष हवेत की डिस्कमध्ये, हे अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही. आयपर्फ-३ हा मोफत प्रोग्राम दोन्ही संगणकांवर चालवला, की तो डिस्कला हात न लावता नुसते नेटवर्क मोजतो. त्याने ३०० मेगाबिट दाखवले आणि कॉपी ५ मेगाबाइटवर अडली, तर राउटर निर्दोष. त्याचाच आकडा कमी आला तर चॅनेल, बँड आणि राउटरची जागा पाहावी.

मोठ्या फाइल रोज न्यायच्या असतील तर मात्र हवेचा नाद सोडलेला बरा. दोन लॅपटॉप एका लॅन केबलने थेट जोडता येतात. त्यासाठी खास क्रॉसओव्हर केबल लागते ही समजूत जुन्या काळातली. गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल स्वतःच करतात, आणि १६९.२५४ ने सुरू होणारे पत्तेही संगणक आपसूक घेतात. डिस्क एसएसडी असेल तर सेकंदाला ११० मेगाबाइटपर्यंत वेग मिळतो आणि लग्नाची ती फाइल तीन-चार मिनिटांत जाते. जोडणी १०० वरच अडली तर केबल पाहावी: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, आणि स्वस्त केबलमध्ये दोनच असतात किंवा जॅकमध्ये एखादी तार सुटलेली असते. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी अडॅप्टर घेताना तो यूएसबी ३ आणि गिगाबिट आहे ना, हे पाहून घ्यावे. यूएसबी २ ची धाव ४८० मेगाबिटपर्यंतच, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी.