कोणता फटका, केव्हा?

गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटल्यापासून तो फलंदाजापर्यंत पोहोचेपर्यंत, वेग ताशी 140 किलोमीटर असेल तर, सुमारे अर्धा सेकंद जातो. खेळपट्टी 22 यार्डांची असली तरी दोन्ही क्रीजमधले अंतर साडेसतरा मीटरच्या आसपास भरते. या अर्ध्या सेकंदातला जवळपास निम्मा वेळ चेंडू ओळखण्यातच जातो. उरलेल्या वेळात पाय हलवायचा, बॅट आणायची आणि चेंडू मारायचा, अडवायचा की सोडायचा हे अमलात आणायचे. या निर्णयाला क्रिकेटच्या भाषेत फटक्याची निवड म्हणतात. तरुण फलंदाज बाद होऊन परतू लागला की गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला बसलेल्या नाशिककर जाणकारांपासून दूरचित्रवाणीवरच्या समालोचकांपर्यंत सगळे बोलतात ते याच गोष्टीबद्दल.

महाराष्ट्राच्या रणजी संघाबाबत ही चर्चा 2025-26च्या हंगामात विशेष रंगली. राज्यातून रणजी करंडकात तीन संघ उतरतात: मुंबई, विदर्भ आणि उरलेल्या जिल्ह्यांचा महाराष्ट्र. नाशिक तिसऱ्यात मोडते, आणि हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी असलेले गोल्फ क्लब मैदान, हे या संघाचे एक घरचे मैदान आहे. जानेवारी 2025 मध्ये याच मैदानावर महाराष्ट्राने बडोद्याला 439 धावांनी हरवले. त्यानंतरच्या पावसाळ्यात मुंबई सोडून पृथ्वी शॉ महाराष्ट्राच्या संघात आला. डावाच्या सुरुवातीला त्याच्या जोडीला सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी होता. अर्शिनला नाशिककर आधीपासून ओळखत होते. जून 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात ईगल नाशिक टायटन्सकडून खेळताना त्याने पुणेरी बाप्पा संघाविरुद्ध 54 चेंडूंत 117 धावा काढल्या होत्या. त्यात 13 षटकार होते आणि तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

रणजी हंगामाचा पहिला सामना ऑक्टोबर 2025 मध्ये तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध झाला. नव्या चेंडूपुढे महाराष्ट्राचे तीन फलंदाज धावफलकावर एकही धाव नसताना बाद झाले, आणि दोन्ही सलामीवीर त्यांत होते. नंतर ऋतुराज गायकवाडने 91 आणि जलज सक्सेनाने 49 धावा करून डाव सावरला. दुसऱ्या डावात पृथ्वीने 75 धावा केल्या. पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध पहिल्या डावात तो एकेरी धावसंख्येवर गेला, आणि दुसऱ्या डावात त्याने 156 चेंडूंत 222 धावा ठोकल्या. दोन सामन्यांतल्या या चार डावांत त्याच्या सगळ्या कारकिर्दीचा आलेख दिसतो. त्याच्यावरून वाद घालणाऱ्या दोन्ही गटांना आपापला पुरावा याच चार डावांत सापडतो. एक गट म्हणतो की हा खेळाडू घाई करतो, त्याला चेंडू सोडता येत नाही. दुसरा म्हणतो, त्याचा नैसर्गिक खेळ बदलायला गेलात तर हातात काहीच उरणार नाही.

वाद नीट समजून घ्यायचा तर आधी एक नेहमीची चूक बाजूला ठेवावी लागते. बहुतेक प्रेक्षक फटका चांगला की वाईट हे त्याच्या परिणामावरून ठरवतात. वीरेंद्र सेहवागचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. डिसेंबर 2003 मध्ये मेलबर्नला 195 धावांवर असताना षटकार मारायला जाऊन तो झेलबाद झाला आणि बेजबाबदार ठरला. तीनच महिन्यांनी मुलतानला त्याने षटकार मारूनच त्रिशतक पूर्ण केले, आणि त्या धाडसाचे आजही कौतुक होते. माणूस तोच, वृत्ती तीच. चेंडू एकदा क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला आणि एकदा सीमेपार. म्हणून फटक्याचे मोल जोखताना जाणता प्रशिक्षक चेंडूचा टप्पा, दिशा, क्षेत्ररचना, चेंडूचे वय आणि सामन्याची स्थिती विचारात घेतो. तोच निर्णय शंभर वेळा घेतला तर एकूण फायदा होईल की तोटा, असा हा हिशेब असतो.

हा हिशेब बास्केटबॉलमध्ये सर्वांत उघडपणे मांडला जातो. तिथे चेंडू पुढे आणून चढाई आखणाऱ्या खेळाडूला गार्ड म्हणतात, आणि तरुण गार्डने बास्केटकडे चेंडू कुठून आणि केव्हा टाकावा यावर त्या खेळाचे चाहते असेच हिरिरीने भांडतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बास्केटचे कडे जमिनीपासून 3.05 मीटर उंच असते. समोरून 6.75 मीटरच्या कमानीबाहेरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात, आतून टाकलेल्याला दोन. कमानीच्या आतून शंभरापैकी चाळीस प्रयत्न साधले तर 80 गुण होतात; बाहेरून पस्तीसच साधले तरी 105. दिसायला बेधडक वाटणारा लांबचा प्रयत्न असा अधिक किफायतशीर ठरू शकतो. अमेरिकी लीगमध्ये स्टीफन करीने लांबून मारा करण्याची पद्धत रुजवली त्यामागे हेच गणित आहे. तरीही चढाईसाठीच्या चोवीस सेकंदांच्या मुदतीतला पुरेसा वेळ शिल्लक असताना, दोन प्रतिस्पर्धी अंगावर असताना आणि मोकळा सहकारी समोर दिसत असताना तोच प्रयत्न चुकीचा ठरतो.

क्रिकेट मात्र याहून निर्दय आहे. बास्केटबॉलमध्ये नेम चुकला तर एक चढाई वाया जाते आणि तोच गार्ड मिनिटाभरात पुन्हा नेम धरतो. फलंदाजाची एक चूक त्याचा अख्खा डाव संपवते. बचावाला आणि चेंडू सोडण्याला इथे इतकी किंमत आहे ती यामुळेच. ट्वेंटी-20मध्ये दहा गडी आणि फक्त 120 चेंडू असतात, त्यामुळे गडी स्वस्त आणि चेंडू महाग असतो. चार दिवसांच्या रणजी सामन्यात नेमके उलटे. अर्शिनसारख्या मुलाला एकाच वर्षात हे दोन्ही हिशेब सांभाळावे लागतात, आणि आजच्या पिढीपुढची सर्वांत मोठी अडचण हीच आहे. तेरा षटकारांच्या खेळीत ऑफ स्टंपबाहेरचा जो चेंडू मारण्याजोगा असतो, तोच चेंडू सकाळच्या सत्रात, तीन स्लिप उभ्या असताना, यष्टिरक्षकाकडे जाऊ द्यायचा असतो.

फटक्याची सवय शालेय क्रिकेटमध्ये लागते. नोव्हेंबर 2013 मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून पृथ्वीने 330 चेंडूंत 546 धावा केल्या. त्यात 85 चौकार आणि 5 षटकार होते, म्हणजे 370 धावा सीमारेषेवरून आल्या. शालेय गोलंदाजीचा वेग आणि अचूकता मर्यादित असते. चांगल्या टप्प्याच्या चेंडूवरही जागेवर उभे राहून बॅट फिरवली तरी चालते आणि त्या सवयीला दर वेळी धावांचे बक्षीस मिळते. पुढेही हे बक्षीस थांबले नाही. जानेवारी 2017 मध्ये रणजी पदार्पणात शतक, 2018 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली 19 वर्षांखालील विश्वचषक, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पणात 134 धावा. कसोटी पदार्पणात शतक करणारा तो सर्वांत लहान भारतीय ठरला. प्रत्येक पायरीवर यश मिळत असताना खेळ बदलायला सांगणार कोण, आणि त्या मुलाने तरी ते का ऐकावे?

उत्तर डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला मिळाले. गुलाबी चेंडूच्या त्या कसोटीत मिचेल स्टार्कच्या दुसऱ्याच चेंडूवर पृथ्वीचा त्रिफळा उडाला. आत येणाऱ्या चेंडूला त्याची बॅट आणि पॅड यांच्यात फट राहते, हे रिकी पॉन्टिंगने समालोचनात काही क्षण आधीच सांगितले होते. दुसऱ्या डावात पॅट कमिन्सने चार धावांवर त्याचा त्रिफळा पुन्हा उडवला, आणि भारताचा तो डाव 36 धावांत आटोपला. पृथ्वीची कसोटी कारकीर्द पाच सामने आणि 339 धावांवर थांबली. पुढच्या सामन्यात विश्वचषकातला त्याचा सहकारी शुभमन गिल याने पदार्पण केले.

ॲडलेडचे दोन्ही चेंडू नीट पाहिले तर चाहत्यांच्या भांडणात सहसा निसटणारी एक गोष्ट लक्षात येते. फटक्याची निवड आणि तंत्र या दोन वेगळ्या बाबी आहेत. बेजबाबदार फटका म्हणजे मारू नये असा चेंडू मारणे. तिथे चेंडू खेळण्याचा निर्णय चुकलेला नव्हता. पुढचा पाय चेंडूच्या रेषेत गेला नाही, शरीरापासून लांब राहिलेली बॅट सरळ रेषेत खाली आली नाही आणि फट उघडी राहिली. संयम ठेव, असा सल्ला अशा फलंदाजाला उपयोगाचा नाही. त्याला पाय आणि बॅट यांचे काम नव्याने घडवावे लागते, आणि ते सामन्यांच्या गर्दीत होत नाही. मोकळ्या महिन्यांत, नेट्समध्ये, नव्या चेंडूवर शेकडो वेळा केले तरच होते.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र त्याच्या धावा चालूच राहिल्या. 2021च्या विजय हजारे करंडकात त्याने 827 धावा केल्या. जानेवारी 2023 मध्ये आसामविरुद्ध 379 धावा केल्या. रणजीच्या इतिहासात त्याहून मोठी खेळी एकच आहे: भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद 443, डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात, महाराष्ट्राकडून. तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळले गेले आणि त्यानंतरच्या आयपीएल लिलावात कोणीही बोली लावली नाही. डिसेंबर 2025च्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने त्याला 75 लाखांना घेतले, तेव्हा महाराष्ट्राकडून केलेल्या धावा त्याच्या पाठीशी होत्या.

विकास म्हणजे सगळे फटके टाकून देणे, असे अनेकांना वाटते. मुंबईच्या खडूस, म्हणजे सहजी विकेट न देणाऱ्या फलंदाजीच्या परंपरेचा हवाला देऊन हे सांगितले जाते, पण ती परंपरा इतकी एकसुरी कधीच नव्हती. सचिन तेंडुलकरने जानेवारी 2004 मध्ये सिडनीला नाबाद 241 धावा केल्या त्या कव्हर ड्राइव्ह जवळपास पूर्ण बाजूला ठेवून. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर तो वारंवार बाद होत होता, म्हणून त्याने एका डावापुरता एक फटका वर्ज्य केला आणि पायांवर आलेल्या चेंडूंवर धावा काढल्या. फटका त्याने पुढे परत आणला. रोहित शर्माचा प्रवास याहून लांबला. 2007 मध्ये पदार्पण केल्यावर कित्येक वर्षे त्याच्या विकेट फेकण्यावर बोलले गेले. 2013 मध्ये तो एकदिवसीय सामन्यांत नियमित सलामीला आला, 2019 मध्ये कसोटीत, आणि 2021 मध्ये इंग्लंडमध्ये ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू शांतपणे सोडत त्याने ओव्हलला 127 धावा केल्या. पुल मारणे त्याने कधीच थांबवले नाही. पहिल्या तासात काय खेळायचे नाही एवढेच ठरवले. त्यासाठी चौदा वर्षे लागली, आणि तेवढी वर्षे थांबायला निवड समित्या तयार होत्या. प्रत्येकाच्या वाट्याला एवढा धीर येत नाही.

महाराष्ट्राच्या सलामीवीरांकडे याच नजरेने पाहायला हवे. पृथ्वीची 222 धावांची खेळी त्याच्या फटक्यांबद्दल सगळी शंका मिटवते. चेंडू थोडा जुना झाला आणि पाय हलू लागले की देशांतर्गत क्रिकेटमध्ये त्याला रोखणारे गोलंदाज थोडेच आहेत. प्रश्न पहिल्या वीस-पंचवीस चेंडूंचा आहे. अर्शिनचा प्रश्न निराळा आहे. तो वयाने लहान आहे, मध्यमगती गोलंदाजीही करतो, आणि त्याला अजून स्वतःचा लाल चेंडूचा खेळ सापडायचा आहे. दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. दोघांसमोर शिकण्यासारखा एक माणूस त्याच संघात आहे: ऋतुराज गायकवाड. 2022 मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारणारा हाच फलंदाज केरळविरुद्ध वरची फळी कोसळल्यावर चिवटपणे उभा राहिला. दोन्ही खेळी त्याच्याच, आणि एकीसाठी त्याला दुसरी सोडावी लागली नाही.

रणजी सामना मैदानात बसून पाहण्याची संधी नाशिककरांना मिळते, आणि फटक्याची निवड समजायची असेल तर त्याहून चांगली जागा नाही. हिवाळ्यातल्या सकाळी खेळपट्टीत ओलावा असतो आणि नवा चेंडू हलतो, तो पहिला तास चुकवू नये. सलामीवीराने किती चेंडू सोडले, पुढचा पाय कुठे पडला, चेंडू डोळ्यांखाली खेळला की शरीरापासून दूर, याकडे लक्ष ठेवावे. तो बाद झाला तर चेंडू मारण्याजोगा होता का, हे आधी विचारावे आणि धावफलकाकडे नंतर पाहावे.